राखाडी काठ

हाटकेश, मीरा रोड (पूर्व)
गुरुवार, ३ जुलै २०२५

प्रिय शालू,

सप्रेम नमस्कार. कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? माझं बरं चाललंय. बीपीची गोळी अर्धीची एक झाली, एवढंच. आधी सवयीने तुझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहून गेले, मग तो कागद फाडून हा दुसरा घेतला. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या या बाईंनी पत्र का पाठवलं म्हणून तू डोळे मोठे करशील. अगं, मग काय करू? तुळशीरामभाऊ गेले तेव्हापासून, म्हणजे जानेवारीपासून, तू फोनच उचलत नाहीस. स्वरूपला लावला तर तो म्हणतो, "काकू, आई झोपलीय." सकाळी अकराला झोपलीय, संध्याकाळी सहाला झोपलीय. मुलगा गुणी आहे तुझा, पण खोटं बोलणं त्याला अजिबात जमत नाही. जी बाई पहाटे चारला मासळी घ्यायला हजर, ती दिवसभर झोपते होय? पत्राला तरी झोपेचं कारण सांगता येणार नाही. चष्मा सापडला नाही तर रीमाकडून वाचून घे. सहावीत गेली ना नात? तिला म्हणावं, जोडाक्षरं खाऊ नकोस.

इकडे सगळं तसंच. दर गुरुवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात आपलं विणकाम मंडळ बसतं. तुला धरून आठ होतो, आता सात. हंसाबेनची पंख्याखालची तीच खुर्ची आणि नवऱ्याच्या त्याच तक्रारी. आज विचारत होत्या, "शालूबेन कब आयेगी? उसके बिना मजा नथी." मी म्हटलं, येईल, दुःख ताजं आहे अजून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग टाके मोजायला लागल्या.

बारा वर्षं झाली गं आपल्याला. तू टोपली घेऊन पहिल्यांदा चौथ्या मजल्यावर आलीस, तेव्हा मी दारातच शाल विणत बसले होते. शाळेतून नुकतीच रिटायर झालेली, दिवस खायला उठलेला. तू पापलेट दाखवायचं सोडून माझ्या सुयांकडेच बघत बसलीस. म्हणालीस, "बाई, ह्ये तर आमच्या जाळ्यासारखंच हाय, फकस्त भोकं बारीक." आणि पुढच्या गुरुवारी तू मंडळात हजर. बाकीच्या बायकांना जे शिकायला सहा महिने लागले, ते तुला पंधरा दिवसांत आलं. मी म्हणायचे, हात घ्यावा तर शालूचा आणि रंग घ्यावा तर माझा. तू हसायचीस.

रंगांवरून किती भांडलो आपण! चंदनच्या लोकरीच्या दुकानात शिरलं की तुझा हात जायचा तो राणी नाहीतर पोपटी गुंड्यावर. मी म्हणायचे, "अगं, जरा सोबर घे की. किती भडक ते!" तू म्हणायचीस, "बाई, लांबनं दिसायला नको?" शाल काय लांबून बघायची वस्तू आहे, असं मी तुला भर दुकानात ठणकावलं होतं. मीरा रोडला थंडी पडते ती जेमतेम आठ दिवस, आणि आपण दोघी तासभर लोकर निवडत उभ्या. चंदन बिचारा म्हणायचा, "आंटी, फायनल करो ना, दूसरा कस्टमर खड़ा है."

इशिताला सातवा महिना लागलाय. बाळंतपण हैदराबादलाच करणार म्हणते, आईचं कोण ऐकतंय? बाळासाठी छोटी शाल करायची आहे. परवा चंदनकडे गेले आणि हात हलवत परत आले. बदामी घ्यावा की फिकट मोरपंखी, ठरेचना. तू असतीस तर दोन्हींना नाक मुरडलं असतंस आणि मी तुझ्याशी वाद घालता घालता एक ठरवला असता. तुझं मत कळव.

आणि एक सांगायचं होतं. डिसेंबरच्या प्रदर्शनातलं ते शालीचं मनात धरून बसली असशील, तर सोडून दे बाई. गाठ काय, कोणाचीही सुटते. आपलं वय झालं, साठीनंतर हात थोडे ढिले पडायचेच. माझे नाही का थरथरत? एवढ्या एका काठापायी कोणी मंडळ सोडतं का? सगळे विसरलेसुद्धा.

येत्या गुरुवारी ये. बसने दमणार असशील तर रिक्षाने ये, मी खाली गेटपाशी उभी राहीन. सूनबाईला, रुचिताला आशीर्वाद, रीमाला पापा.

तुझी,
बाई


हाटकेश, मीरा रोड
शुक्रवार, १८ जुलै २०२५

शालू,

मंगळवारी रुचिता येऊन गेली. हातात कापडी पिशवी. त्यात तुझ्या दहा नंबरच्या सुया, आठ नंबरच्या सुया, अर्धवट राहिलेला एक गुंडा आणि मंडळाचं नमुन्यांचं पुस्तक. म्हणाली, "आईंनी परत दिलंय, काकू."

मला वाटलं, आता तुझा रागाचा निरोप येणार. खरं सांगू? सहा महिने मी हेच धरून चालले होते, की शालू माझ्यावर चिडली आहे. आणि ते मला सोयीचं होतं. चिडलेल्या माणसाची कधी ना कधी समजूत काढता येते. तू चिडलेली नाहीस, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

रुचिता सांगत होती. माझं पत्र रीमाने तुला वाचून दाखवलं. ‘साठीनंतर हात थोडे ढिले पडायचेच’ हे वाक्य तू तिला दोनदा वाचायला लावलंस. आणि दुसऱ्या दिवशी बाबाजीला बोलावून त्याची सगळी जाळी परत केलीस. तुळशीरामभाऊ अंथरुणाला खिळले तेव्हा तुमची बोट बाबाजीने घेतली, ती जाळी शालूच सांधणार या बोलीवर, हे तूच मला अभिमानाने सांगितलं होतंस. तीस वर्षं त्या बोटीच्या जाळ्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. आणि ऐन पावसाळी मासेमारीबंदीत, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, सगळं तुमचं तारोडी गाव जाळी घेऊन बसलेलं, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "माज्या गाठी सुटतात आता. तुज्या मान्सांचं प्वाट हाय त्यावर. दुसरी कोन बघ."

मग रुचिताने मला विचारलं, "काकू, ती शाल धुताना नक्की किती सुटलं होतं? एकच गाठ, का जागोजागी? बाबा अंथरुणाला खिळले, त्यांचंपण असंच हातापासून सुरू झालेलं. आम्ही आईंना डॉक्टरकडे नेतोय, त्यांना नीट सांगावं लागेल ना."

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं गं. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "दाखवून घ्यायला काय हरकत आहे." तिला चहा दिला. चिवडा दिला. ती लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दारात उभी राहून हात हलवला. मग दार लावलं आणि मला स्वतःची अशी किळस आली की काय सांगू.

शालू, तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही. तुझी गाठ सुटली नव्हती. काठ मी उसवला. तुझ्या तोंडावर, तुझ्या सुनेसमोर, चार लोकांत मी खोटं बोलले. आणि या महिन्यात पत्रात तेच खोटं पुन्हा लिहून पाठवलं, वर प्रेमाने.

एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. आता सगळं सांगते. रुचिता घरात असेल तर तिलाही हाक मार, आणि हे पत्र रीमाकडून नको, तिच्याकडून वाचून घे.

प्रदर्शनाच्या आधीच्या गुरुवारी तू ती शाल माझ्याकडे दिलीस. गडद निळी, आणि चारी बाजूंनी राणी, पिवळा, पोपटी असा काठ. "ह्यांच्यासाठी हाय बाई. विकायची न्हाय, नुसती मांडायची," असं बजावलंस. धुऊन, ओल्या फडक्याखाली इस्त्री करून ठेवायचं काम नेहमी माझंच असायचं. घरी आल्यावर मी ती पलंगावर पसरली. काठातला पिवळा पट्टा एका टोकाला चांगला सहा ओळींचा, आणि पुढे जाता जाता बारीक होत दोन ओळींवर आलेला. मला वाटलं, शालू ओळी मोजायला चुकली. एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो.

पण तेवढंच असतं तर मी तुला फोन करून विचारलं असतं. खरं कारण वेगळं. प्रदर्शनाला मी माझ्या शाळेतल्या जुन्या शिक्षिकांना बोलावलं होतं. आमच्या हेडबाई येणार होत्या. मंडळ माझं, बायकांना शिकवलं मी, असं जिकडेतिकडे सांगून ठेवलेलं. त्यांच्यासमोर तो राणी-पोपटी काठ मांडायची मला लाज वाटायला लागली. कोळणीची आवड, असं कोणीतरी म्हणेल असं वाटलं. कोणी म्हणणार नव्हतं. ते माझ्याच मनात होतं. बारा वर्षं मी तुला ‘तू’ म्हणत आले आणि तू मला ‘तुमी’. आपण एका वयाच्या. मला हे एकदाही खटकलं नाही, यातच काय ते आलं.

म्हणून मी उसवायला बसले. शेवटची गाठ सोडली की लोकर ओढत जायची, झालं काम. पण तुझी गाठ सुटेना. सुईच्या टोकाने बघितलं. सेफ्टी पिन घालून बघितलं. नखं लावली, एक नख तुटलं. अर्धा तास खटपट केली, ती आणखीच घट्ट बसली. तू जाळ्याची गाठ मारली होतीस. शेवटी मी कात्री आणली आणि कापली.

मग दोन दुपारी बसून तिथे राखाडी काठ विणला. सुबक झाला म्हणून स्वतःवरच खूश होते. काढलेली लोकर शेजारच्या मुलीला शाळेच्या क्राफ्टसाठी देऊन टाकली. तिने त्याचे बाहुलीचे केस केले. म्हणजे परत द्यायला माझ्याकडे तेवढंही उरलेलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तू अबोलीची वेणी माळून आलीस. रुचिताचा हात धरून तिला तरातरा टेबलापाशी नेलंस, सासऱ्यासाठी काय केलंय ते दाखवायला. आणि थांबलीस. "बाई, काठ कुठं ग्येला?" माझ्या शेजारी हेडबाई उभ्या. मला म्हणता आलं असतं, मी बदलला. तू चार शब्द सुनावले असतेस, माझी थोडी शोभा झाली असती आणि विषय संपला असता. मी म्हटलं, "अगं, तुझी गाठ सुटली होती. धुताना सगळा काठच निघून आला. नशीब माझ्या लक्षात आलं!"

तू आपल्या हातांकडे बघितलंस. "माजी गाठ सुटली?" एवढंच म्हणालीस. आणि मग माझे दोन्ही हात धरलेस. "बरं झालं बाई, तुमी सावरलंत."

तू माझे आभार मानलेस, शालू. हेडबाई म्हणाल्या, "आमची नीलिमा पहिल्यापासून अशीच, दुसऱ्याचं निस्तरत बसणारी." मी मान डोलावली. त्या दिवशी मी तुझा मासळीवाली म्हणून अपमान करून तुला हाकललं असतं, तरी ते याच्यापेक्षा कमी ठरलं असतं. तुझ्याजवळ सगळ्यांत मोठं जे होतं, तेच मी चार बायकांसमोर खोटं ठरवलं, कशासाठी, तर माझी फजिती होऊ नये म्हणून.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुळशीरामभाऊ गेले. मी तारोडीला आले होते, तुला आठवत असेल नसेल. त्यांच्या अंगावर ती शाल होती. बायका रडत होत्या, तू रडत नव्हतीस. तू सारखी त्या राखाडी काठाचं टोक सरळ करत होतीस. मला तिथे उभं राहवेना. किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले, तर समोर वाळूत तुमची बोट. तोवर मी ती कधी बघितलीच नव्हती. बारा वर्षांत तुझ्या गावी मी दोनदा आले, तेही घरात बसून जेवून गेले. निळी बोट. वर राणी पट्टा, मग पिवळा, मग पोपटी. आणि पिवळा पट्टा पुढच्या टोकाला रुंद, मागे येता येता निमुळता झालेला.

एक म्हातारी शेजारी जाळं घेऊन बसली होती. तिला विचारलं, असं का रंगवतात? ती म्हणाली, "ज्याची त्याची खूण आसते बाय. लांबनं यताना बायकांना कळाया नको, आपला मानूस आला त्ये?" तू मला दुकानात हेच सांगत होतीस. मी कधी विचारलंच नाही, लांबून म्हणजे कुठून.

तुझ्या नवऱ्याला अंथरुणावरून बोट दिसत नव्हती, म्हणून तू ती त्यांच्या अंगावर घालणार होतीस. मी ती राखाडी केली आणि ते तशीच घेऊन गेले.

हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच दिवशी परत वळून तुला सांगायला हवं होतं. मी बस पकडली. घरी येऊन स्वतःला म्हटलं, आत्ता नको, आत्ता तिचं दुःख मोठं आहे. मग म्हटलं, दिवस होऊन जाऊ देत. मग म्हटलं, आता काय उपयोग. असे सहा महिने गेले. मला आपलं वाटत राहिलं की जे वाईट व्हायचं होतं ते जानेवारीतच होऊन गेलंय. तू तिथे रोज आपल्याच हातांना घाबरून बसली आहेस, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायला मी आले कुठे?

काल गुरुवार होता. मंडळात सगळ्यांसमोर हे सांगितलं. मधे दोनदा पाणी प्यायले. मग हंसाबेन म्हणाल्या, "नीलिमाबेन, मेरे को तो उसी दिन मालूम था. धोने से बॉर्डर थोड़ी निकलती है? मैं भी बुनती हूँ." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "आप टीचर हो ना. आपको कौन बोलेगा?" बाकीच्यांनी माना खाली घातल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एकट्या तुला सोडून.

रुचिताकडून बाबाजीचा नंबर घेतला आणि आज सकाळी त्यालाही फोन केला. तो म्हणाला, "बाई, तिची गाठ सुटत न्हाय, मला ठाव हाय. जाळी मी तशीच ठ्येवली हायत, दुसऱ्या कुनाला दिली न्हायत. पर ती आयकंल तर ना!"

तेव्हा ऐक. डॉक्टरकडे जायचं कारण नाही. मला माफ कर असंही मी लिहीत नाही, ते मागायला तोंड नाही. फक्त जाळी परत घे. माझ्यावर नाही तर बाबाजीवर विश्वास ठेव, रुचितावर ठेव. बंदी उठायला पंधरा दिवससुद्धा राहिले नाहीत.

हे सगळं मला तुझ्यासमोर बसून सांगायचं आहे. तू म्हणशील त्या रविवारी येते. दारात उभी करून बोललीस तरी चालेल.

खोटं बोललेली,
नीलिमा


हाटकेश
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

शालू,

काल रुचिताचा फोन आला. पत्र पोचलं आणि तिने तुला वाचून दाखवलं, असं म्हणाली. वाचून झाल्यावर तू दोरीचा तुकडा मागितलास. एक गाठ मारलीस आणि रीमाला सोडायला दिलीस. तिला सुटेना. स्वरूपला दिलीस, त्यालाही सुटेना, त्याने दात लावून बघितलं. मग तू ती दोरी हातात धरून रडलीस. जानेवारीपासून पहिल्यांदा, असं रुचिता म्हणाली. तीही फोनवर रडत होती, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तू स्वतः चालत बाबाजीकडे गेलीस म्हणे. आठ दिवस मान वर न करता बसलीस आणि सगळी जाळी सांधून दिलीस. नारळी पौर्णिमा झाली की बोट पाण्यात जाईल. डॉक्टरची वेळ स्वरूपने रद्द केली. हे सगळं मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आणखी एकदा सांगितलं असतं तरी ऐकलं असतं.

मग ती घुटमळायला लागली. मी ओळखलं. म्हटलं, "रुचिता, त्या जे बोलल्या असतील ते त्यांच्याच शब्दांत सांग. गोड करू नकोस." तिने सांगितलं. "बाईंना म्हनावं, माज्या हातांचं तुमी खरं सांगितलंत, त्ये बरं केलंत. पर ह्ये बोट न बघता ग्येले. त्ये मला इसरता यायचं न्हाय. तुमी येऊ नका."

पहिल्यांदा जे मनात आलं ते हेच, की एकदा जाऊन समजावून बघावं, शालू ऐकेल. बघ, अजूनही जात नाही माझ्यातलं. तू नको म्हणालीस, आणि मी तुला त्यातही सुधारायला निघाले होते.

येणार नाही. या रविवारी नाही, पुढच्याही नाही. रस्त्यात दिसलीस तर तू हाक मारल्याशिवाय थांबणार नाही. पण आठवण येणार, त्याला तुझी परवानगी लागत नाही. दर गुरुवारी येते. सकाळी खालून मासळीवालीची हाक आली की येते. ती दुसरी कोणीतरी असते, तरी मी दारापर्यंत जाऊन येते.

तुझी सुयांची पिशवी मंडळात तुझ्या खुर्चीवर ठेवू या, असं हंसाबेन म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. सुया तुझ्या आहेत, तुझ्याकडेच असायला हव्यात. रुचिता पुढच्या आठवड्यात इकडे येणार आहे, तिच्याबरोबर पाठवते. अर्धवट गुंडा तुझाच, तो तसाच ठेवलाय. नवा गुंडा मात्र एकही घातलेला नाही. दुकानात गेले होते, राणी गुंडा हातात घेतला होता, परत ठेवून आले. रंग तुझे तू घे.

पहिल्यांदाच तुझं ऐकणारी,
नीलिमा